सडबरीच्या वेसाइड इनबद्दलचा तो फॉरवर्ड

दरवर्षी फॉल कलर्स बघायला जायच्या दिवसांत आमच्या इकडच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतो. इतकी वर्षं मी दुर्लक्ष केलं, पण यंदा तो आईपर्यंत पोचला, ती सध्या आमच्याकडे आलीये, आणि तिने तो कौतुकाने नातीला वाचून दाखवला. नात तिसरीत, तिने लगेच शाळेच्या प्रोजेक्टच्या पोस्टरवर उतरवायला घेतला. आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्ड म्हणतो की मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीचं वेसाइड इन, म्हणजे तिथली जुनी सराई, 1716 पासून एकही दिवस बंद पडलेलं नाही, ब्रिटिश फौज येतेय हे 1775 मध्ये घोड्यावरून सांगत सुटलेला पॉल रिव्हिअर त्या ऐतिहासिक रात्री इथे घोडा बदलायला थांबला, कवी लाँगफेलोने इथे मुक्काम ठोकून कविता लिहिल्या, आवारातली पाणचक्की तीनशे वर्षांची, आणि 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' या बालगीतातली शाळा इथलीच, ती कविताही मेरीच्या ओळखीच्या एका मुलाने लिहिली.

शेवटून सुरू करते, कारण राग त्याचाच जास्त आलाय. ती छोटी लाल शाळा सडबरीची नाहीच. ती होती वीस-पंचवीस मैलांवरच्या स्टर्लिंग गावात, आणि हेन्री फोर्डने, हो, गाड्यावाल्या फोर्डने, 1926 मध्ये ती तिथून उचलून इथे आणून उभी केली. हे इन त्याने 1923 मध्येच विकत घेतलं होतं. आणि कविता? ती सारा जोसेफा हेलची. 1830 मध्ये बॉस्टनला छापलेल्या तिच्या 'पोएम्स फॉर अवर चिल्ड्रन' या पुस्तकात आहे, यापुढे वाद घालायला काही उरतच नाही. मेरी सॉयर नावाच्या बाईने हे सगळं माझ्याच कोकराबद्दल आहे, पहिल्या बारा ओळी जॉन राउलस्टन नावाच्या मुलाने लिहून मला दिल्या, असं जाहीरपणे सांगायला सुरुवात केली ती पुस्तक येऊन चाळीसहून जास्त वर्षं झाल्यावर, आणि तो ओळींचा कागद कधी कुणाला दिसला नाही. मेरीकडे कोकरू असेल, ते तिच्या मागे शाळेत गेलंही असेल, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण फोर्डला गोष्ट आवडली, त्याने 1928 मध्ये त्यावर पुस्तकच काढलं, आणि पैसेवाल्या माणसाने छापलं की ते लोकांना खरं वाटतं. हेल कोण होती? 1822 मध्ये नवरा गेला, पदरात पाच मुलं, लिहून संसार चालवला, पुढे अख्ख्या देशात खपणाऱ्या मासिकाची कित्येक वर्षं संपादक होती. कविता माझीच, हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. आणि आपण दोनशे वर्षांनी तिच्या हातून ती काढून घेऊन पोरांना शिकवायची?

बाकीचं पटकन. पाणचक्की 1929 ची, तीही फोर्डनेच बांधली. शेजारचं पांढरं चॅपल 1940 चं.

पॉल रिव्हिअर सडबरीला आलाच नाही. तो लेक्सिंग्टनपर्यंत पोचला, पुढे कॉन्कॉर्डला जाताना लिंकनमध्ये ब्रिटिशांनी त्याला पकडलं आणि घोडाही काढून घेतला. घोळ होतो तो लाँगफेलोमुळे, कारण त्याच्या 'टेल्स ऑफ अ वेसाइड इन' या पुस्तकात रिव्हिअरची गोष्ट या इनचा मालक सांगतो. खरी गोष्ट आहे ती सांगा ना, तेव्हाचा मालक इझिकिएल हाऊ 19 एप्रिल 1775 ला सडबरीची माणसं घेऊन ब्रिटिशांशी लढायला कॉन्कॉर्डला गेला होता.

लाँगफेलो आला होता, हे खरं. पण 1862 मध्ये, प्रकाशक मित्राबरोबर नुसता बघायला. तेव्हा इन चालूच नव्हतं! हाऊ घराण्याच्या चौथ्या पिढीतला लायमन हाऊ 1861 मध्ये वारला, सामानाचा लिलाव झाला, आणि 1897 मध्ये लेमन नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने विकत घेईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ते बंदच होतं. 'वेसाइड इन' हे नावही त्यानेच पुस्तकावरून दिलं. म्हणजे 'एकही दिवस बंद नाही' पण गेलं. वर 22 डिसेंबर 1955 ला आग लागली, परत उघडायला 1958 उजाडलं.

1716 मात्र मान्य. डेव्हिड हाऊला त्या वर्षी खरंच टॅव्हर्नचं लायसन्स मिळालं होतं. पण टॅव्हर्न म्हणजे आजचा बार नव्हे, खानावळ, सराई आणि गुत्ता असं तिन्ही एकात. माणसाला जेवण, घोड्याला चारा, आणि रात्री अनोळखी माणसाशेजारी एकाच बिछान्यात झोपायचं. काउंटरवर लाकडी जाळी, रात्री खाली ओढून बंद करायची. थंडीत 'फ्लिप' प्यायचे, बिअर, रम आणि काकवी एकत्र करून त्यात चुलीतली लाल झालेली सळई बुडवायची, की चर्र होऊन फेस वर यायचा आणि जळका वास सुटायचा. बॉस्टन पोस्ट रोड या जुन्या टपाल-रस्त्यावरच्या रहदारीवर हे सगळं चालायचं, 1834-35 मध्ये रेल्वे शेजारच्या फ्रेमिंगहॅमवरून गेली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. यातलं एक अक्षर फॉरवर्डमध्ये नाही.

पोरीने पोस्टरवरच्या त्या दोन ओळींवर पांढरी पट्टी चिकटवली आणि वर सारा हेलचं नाव लिहिलं. आई म्हणाली, मला मराठीत लिहून दे, मी ग्रुपवर टाकते. म्हणून हे टाइप केलं.