म्हणे, साठीनंतर गेलेली वाचा परत येत नाही!

‘साठीनंतर लकव्याने वाचा गेली आणि सहा महिन्यांत आली नाही, तर विसरा. स्पीच थेरपी म्हणजे पैसे उकळायचा धंदा. जिभेला मधातून वेखंड-अक्कलकारा चोळा, भजनं म्हणायला लावा.’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. फिरेना का! पण तो मुलुंडला काकूपर्यंत पोचला आणि तिने काकांची थेरपी बंद करायचं मनात घेतलंय.

आधी वेखंड, कारण ते जिवावर बेतू शकतं. लकव्याने असे शब्द अडतात त्याला ॲफेझिया म्हणतात. त्यात बिघाड जिभेत नसतोच. मेंदूतल्या भाषेच्या भागात असतो, बहुतेकांच्या डाव्या बाजूला. जीभ कितीही चोळा, शब्द सापडणार नाही. उलट लकव्यानंतर अनेकांना नीट गिळता येत नाही. चाटण चुकून श्वासनलिकेत उतरलं की न्यूमोनियाची भीती. आणि गिळता येतंय का हे तपासतं कोण? स्पीच थेरपिस्टच, ज्यांना हा मेसेज लुटारू ठरवतोय.

सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा भरभर होते, एवढं खरं. पुढे काहीच होत नाही, हे साफ खोटं. जर्मनीतल्या १५६ रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सगळ्यांना लकव्याचा झटका येऊन सहा महिने उलटलेले, वयं सत्तरपर्यंत. तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास थेरपी मिळाल्यावर त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. ज्यांची ही थेरपी तेवढे दिवस पुढे ढकलली, त्यांचं सुधारलं नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन ‘गुण नाही’ म्हणणाऱ्यांनी तो १० तासांचा आकडा परत वाचावा.

भजनाचं म्हणाल तर अर्धं मान्य. काका ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ अख्खी म्हणतात, पण चहा मागता येत नाही. पाठ असलेलं ओघात येतं. हवा तो शब्द हुडकणं निराळं. ते ‘चावी’ म्हणतात, काकू चावी आणून देते, ते मान हलवून चिडतात. म्हणजे काय हवंय ते त्यांना पक्कं ठाऊक आहे! थेरपिस्ट हेच तपासतात: कप दाखवून नाव विचारतात, ‘खिडकीकडे बोट करा’ सांगतात, मागोमाग शब्द म्हणवून घेतात. अडतं कुठे ते कळलं की त्यावर सराव. आधी ‘च’ सुचवून ‘चहा’ काढून घ्यायचा, मग तो ‘च’ही हळूहळू बंद करायचा.

राहिले पैसे. खासगीत परवडत नाही, कबूल. पण नायर रुग्णालय महापालिकेचं आहे, वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. काकू, केसपेपर काढायला मी येते.