भुवया, बस आणि भावड्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

'प्रिसिला' या म्युझिकलवरच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियात बसने निघालेल्या तीन ड्रॅग कलाकारांच्या गाण्या-नाचांच्या नाटकावरच्या (ड्रॅग म्हणजे पुरुषांनी भडक स्त्रीवेष घेऊन केलेला खेळ) माझ्या लेखाखाली 'जुना नाटकवेडा, दांडिया बाजार' अशा सहीने एक लांबलचक, तिखट प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी गोषवारा असा: दुसऱ्यांची गाजलेली गाणी एका दोऱ्यात ओवली की त्याला नाटक म्हणत नाहीत, ऑर्केस्ट्रा म्हणतात. पुरुषांनी बायकी कपडे घालून रेकॉर्डवर ओठ हलवायचे, यात कला कुठली? त्यातला एकही जण बाईसारखा दिसत नाही. आणि असल्या लेखात बालगंधर्वांचं नाव घेणं बडोद्यात तरी शोभत नाही. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे: नातू फतेगंजला युनिव्हर्सिटीत आहे, त्याच्या ग्रुपने वर्षाखेरीला असलाच एक नाच बसवायला घेतलाय, 'आता हा भुवया भादरून घरी येणार का?'

खरी प्रतिक्रिया या शेवटच्या ओळीत आहे असं मला वाटतं. तरी वरूनच सुरुवात करतो. वयाचा मान म्हणून काका म्हणतो, चालवून घ्या.

काका, उसन्या गाण्यांचा आरोप अण्णासाहेब किर्लोस्करांवरही करता येईल. 'सौभद्र'ची जुनी छापील प्रत घरात असेल तर काढून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे आधीच्या कुठल्यातरी गाण्याचे शब्द दिलेले सापडतील. साकी, दिंडी, लावणी, कानडी चाली, जे लोकांच्या कानात होतं ते त्यांनी उचललं. फरक एवढाच की त्यांनी चाल उसनी घेतली आणि शब्द स्वतःचे घातले. ज्यूकबॉक्स म्युझिकलमध्ये, म्हणजे आधीच गाजलेल्या गाण्यांवर उभ्या केलेल्या 'प्रिसिला'सारख्या नाटकात, शब्दही जुनेच राहतात, त्यामुळे वाकायचं ते प्रसंगाने. मग बघायचं ते इतकंच, की या गोष्टीत आल्यावर त्या गाण्याचा अर्थ बदलला का.

'प्रिसिला'त काही ठिकाणी तो बदलतो. सिडनीहून ॲलिस स्प्रिंग्जला बसने निघालेल्या तिघांपैकी टिक हा एका लहान मुलाचा बाप आहे आणि मुलाला भेटायच्या कल्पनेनेच घाबरलेला आहे. साठच्या दशकातलं एक हलकंफुलकं प्रेमगीत, सकाळी उठल्यापासून 'तुझ्यासाठी प्रार्थना करते' म्हणणारं, तो या मुलासाठी गातो. शब्द तेच आहेत, पण 'प्रियकर' जाऊन तिथे मुलगा येतो आणि गाण्याचं वजनच बदलतं. याच्या उलट, पावसात भिजलेल्या केकचं एक प्रसिद्ध गाणं आहे, म्हणून रंगमंचावर केक आणतात आणि कपकेकचे पोशाख घालून मंडळी नाचतात. पोशाख अफाट आहेत, पण प्रसंग गाण्यासाठी ओढून आणलाय. तिथे तुमचा 'ऑर्केस्ट्रा' शब्द मी बिनतक्रार घेतो. सिंथिया नावाच्या फिलिपिनो बायकोचं पात्रही मला पटत नाही. परकी बाई म्हणजे हशा, एवढ्यावरच ते उभं आहे. माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

पण डिस्कोच का, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही नीट सांगितलं नव्हतं. नुसता ठेका धरता येतो म्हणून ते घेतलेलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये डिस्को वाढलं ते कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या गर्दीत. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींनी भरलेली पेटी स्फोटाने उडवली आणि मैदानात जमाव घुसला. 'प्रिसिला'च्या गोष्टीत खाणकामगारांच्या गावात रात्री कोणीतरी बसवर शिवी रंगवून ठेवतं. शिवी लिहिणारा तो हात आणि रेकॉर्डी फोडणारा तो जमाव एकाच जातकुळीचे. म्हणून या तिघांच्या तोंडी हीच गाणी शोभतात.

आता ओठ हलवण्याकडे येतो. आधी माझी चूक: लेखात मी सरसकट 'प्लेबॅक' लिहिलं, त्यावरून तुम्हाला वाटलं की सगळा खेळ टेपवर चालतो. तसं नाही. क्लबमधल्या नाचांत वरून तारांवर लोंबकळणाऱ्या तीन गायिका प्रत्यक्ष गातात आणि खाली नट ओठ हलवतात. इतरत्र तेच नट स्वतःच्या गळ्याने गातात. ओठ हलवणं हा त्या पात्रांचा धंदा आहे, आणि तो धंदा कसा चालतो ते नाटक उघड उघड दाखवतं.

आणि ते सोपंही नाही. शब्द पाठ असणं ही तयारीची सुरुवात झाली. गायिकेने श्वास कुठे घेतलाय ते कागदावर खुणा करून लिहावं लागतं आणि तो श्वास तिथेच, खांदे उचलून, खरा घ्यावा लागतो. श्वास न घेता लांब ओळ 'गाणारा' माणूस शेवटच्या रांगेतूनही खोटा दिसतो. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटायलाच हवेत, तिथे पकडले जातात. लांब स्वरावर जबडा स्थिर ठेवून घशाची शीर ताणायची, नाहीतर कंप गळ्यात आणि तोंड मात्र आरामात, असं होतं. सराव करताना पट्टी न बदलता वेग तीन चतुर्थांशावर आणायचा (मोबाइलवरही होतं), मग पूर्ण वेगात, मग व्हिडिओ काढून आवाज बंद करून बघायचा. आवाज नसताना गाणं ओळखू आलं तर जमलं.

गॅदरिंगमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने. स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवतात आणि नटाला मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, देत नाहीत. मग त्याला ऐकू येतो तो मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज. सभागृह २५ मीटर खोल धरा: जाऊन येऊन ५० मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे जवळजवळ ०.१५ सेकंद उशीर. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. नट प्रत्येक शब्द पाव ठोक्याहून जास्त उशिरा म्हणतो, आणि लोक म्हणतात 'पाठांतर कच्चं'. पाठांतर पक्कं असतं. विंगेत, नटाच्या दिशेला तोंड करून एक छोटा स्पीकर ठेवला की रोग बरा होतो.

ठेक्याचंही एक सांगून ठेवतो. डिस्कोत बास ड्रम चारही ठोक्यांवर पडतो, दुसऱ्या आणि चौथ्यावर टाळी, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये हाय-हॅट (ड्रमवरची झांजांची जोडी) उघडतो, 'त्स्'. शरीर ठोक्यावर खाली जातं आणि 'त्स्'वर उठतं. बडोद्याच्या पोरांच्या अंगात नवरात्रातली हींच, म्हणजे गरब्याचा ताल, मुरलेली असते, तिचा सहा मात्रांचा झोका. तो झोका या चौकोनात घातला की खांदे उशिरा पोचतात आणि नाच पेंगुळलेला दिसतो. पहिले दोन दिवस नुसतं जागेवर उभं राहून 'त्स्'वर टाच उचलायची, बाकी काही नाही.

आता बालगंधर्व. तुम्हाला ठाऊकच आहे की गंधर्व मंडळी सयाजीरावांच्या आश्रयाखालची. त्यांच्याही आधी किर्लोस्करांची शकुंतला आणि सुभद्रा झालेला भाऊराव कोल्हटकर, सगळ्यांचा भावड्या, जन्माने बडोद्याचाच. गुजराती रंगभूमीवर १९०१ साली सुंदरीची भूमिका केलेल्या पोराला लोकांनी आयुष्यभर जयशंकर 'सुंदरी' म्हटलं. भवाई या गुजराती लोकनाट्यात स्त्रीवेष घेणाऱ्याला कांचळिया असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे पुरुषाने स्त्री होण्याची या गावाला नवलाई नाही, आणि तसं मी लिहिलं तेव्हा तुम्हाला राग आला.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचल्यावर मला वाटतं की तुलना खरंच चुकली होती. पण तुम्ही म्हणता त्या कारणाने नाही.

स्त्रीपार्टीची सगळी मेहनत पुरुष लपवण्यात जाते. पदर, चाल, मान वळवणं, बोटांची ठेवण असं सगळं जमवून प्रेक्षकाला विसरायला लावायचं की आत नारायणराव राजहंस (बालगंधर्वांचं खरं नाव) आहेत. लोक इतके विसरले की घरच्या बायका त्यांच्यासारख्या नटू लागल्या. ड्रॅगला हे विसरणं नकोच असतं. भुवई कपाळाच्या मध्यावर, पापण्या पंख्याएवढ्या, टोप दीड फूट उंच. बाईसारखं दिसायचं असतं तर कोण असं करेल? तिथे टाके दाखवायचे असतात, आणि मजा त्या टाक्यांची आहे. तेव्हा 'एकही जण बाईसारखा दिसत नाही' ही तक्रार म्हणजे व्यंगचित्राला 'फोटोसारखं आलं नाही' म्हणण्यापैकी.

आपल्या घरातलं नातं शोधायचं तर ते तमाशाच्या गौळणीतल्या मावशीशी आहे. डोक्यावर पदर, कमरेत बाक, आवाज घोगरा आणि कृष्णाशी हुज्जत. ती पुरुष आहे हे पहिल्या क्षणापासून सगळ्यांना माहीत असतं आणि सगळा विनोद त्या माहितीवर उभा असतो. मावशीला कोणी बालगंधर्वांच्या मापाने मोजत नाही. मी मोजलं, ते चुकलं.

एक मात्र वेगळं ठेवायला हवं. त्या तिघांतली बर्नाडेट ही ट्रान्स स्त्री आहे. ती वेष उतरवल्यावरही स्त्रीच असते. टिक आणि ॲडम टोप काढून ठेवतात आणि पुरुष असतात. ड्रॅग हा रंगपटातला वेष आणि ट्रान्स असणं ही माणसाची ओळख, या दोन्हींची तुमच्या प्रतिक्रियेत गल्लत झाली आहे. नातवाच्या ग्रुपने बर्नाडेट घेतली असेल तर तिच्यावर हशा काढू नये एवढं त्याला नक्की सांगा. तिचा विनोद तिच्या जिभेला आहे, शरीराला नाही.

राहिला नातू. भुवया भादरायची गरज नाही, काका. त्या गोंदाने झाकतात. शाळेच्या मुलांची, पाण्याने धुतली जाणारी गोंदाची कांडी घ्यायची. टोपाच्या कडेला लावतात तो स्पिरिट गम भुवयांवर नको, काढताना केस उपटतो. आधी भुवई स्पिरिटच्या कापसाने पुसून तेल काढायचं. डोळे मिटून, थेंब गळणार नाही इतका कापूस पिळून. बडोद्याच्या उकाड्यात बहुतेक वेळा घोटाळा इथेच होतो: तेल राहिलं की अर्ध्या तासात नाकाजवळची कड सुटते आणि मेकअपची पापडी लोंबायला लागते. मग कांडी केसांच्या उलट दिशेने फिरवायची म्हणजे गोंद मुळाशी जातो, आणि जुन्या टूथब्रशने केस वर, कपाळाला चपटे बसवायचे. पूर्ण सुकू द्यायचं. असे तीन थर. थर जाड झाला तर हसताना तडकतो, म्हणून पातळच. वर बिनरंगी पावडर दाबायची, पुसायची नाही. काळे केस खालून करडे दिसतात, त्यावर आधी केशरी करेक्टर आणि मगच पॅनकेक (चेहऱ्याचा जाड मेकअप). करेक्टर विसरला की लांबून कपाळावर दोन जखमा दिसतात. नवी भुवई खऱ्या भुवईच्या वर बोटभर अंतरावर काढायची.

कमरेला गोलाई यावी म्हणून गादीवाल्याकडचा दोन इंची फोम लागतो. पानाच्या आकारात कापून कडा कागदाएवढ्या पातळ करायच्या. कात्रीने खडबडीत झालेली बाजू अंगाकडे, गुळगुळीत बाजू बाहेर, वर त्वचेच्या रंगाचे तीन स्टॉकिंग. कड जाड राहिली तर स्पॉटमध्ये मांडीवर पायरी दिसते.

चपलांचं आधी बघा. बायकांच्या दुकानात नऊ-दहा नंबर सहसा मिळत नाही आणि पोरं आठ नंबरात पाय कोंबतात. टाच मागे लटकते आणि पहिल्या गिरकीला घोटा मुरगळतो. मोच्याकडून करून घ्यावी, तीन इंच जाड टाच, आत पोलादी पट्टी, तळाला रबर. आणि ती तालमीच्या पहिल्या दिवसापासून पायात हवी. उंच टाचेत पाऊल आखूड पडतं. साध्या चपलेत बसवलेला नाच शेवटच्या आठवड्यात टाचांवर चढवला की सगळे आपल्या जागेपासून हात-दीड हात मागे राहतात आणि रंगमंचावर एकमेकांना धडकतात.

नाच संपल्यावर घाई असते, मित्र बाहेर उभे असतात आणि पोरं गोंदाची खपली नखाने ओढतात. त्यात मात्र भुवया खरोखरच जातात. कोमट पाण्याचा फडका दोन मिनिटं धरायचा, मग खोबरेल तेल चोळायचं आणि केसांच्या दिशेने हळूहळू पुसायचं. तेलाची बाटली तुम्हीच त्याच्या पिशवीत टाका, तो विसरेल.