बीटा खेळतेय तीन आठवडे, लाँचच्या आधी हे बोलायलाच हवं

गेले तीन आठवडे मी आमच्या गेमच्या नव्या एक्स्पान्शनच्या (गेममध्ये भर घालणाऱ्या मोठ्या नव्या भागाच्या) बीटावर, म्हणजे लाँचआधीच्या चाचणी आवृत्तीवर पडीक आहे. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या अर्धवट बनलेल्या गोष्टीबद्दल आहेत आणि मला जे म्हणायचंय ते कुठल्याही ऑनलाइन आरपीजीच्या (एखादं पात्र घेऊन खेळायच्या गेमच्या) टेस्टिंगला लागू पडतं. जे खेळतात त्यांना कळेलच.

आधी मनापासून आवडलेलं सांगते. नवा मॅप. पहिल्या दिवशी क्वेस्ट (गेमने दिलेल्या कामगिऱ्या) बाजूला ठेवल्या आणि नुसती फिरत राहिले, दीडेक तास तरी. एका दरीत खाली उतरलं की धुकं लागतं, आणि तिथे तेव्हा संगीत टाकलेलंच नव्हतं, फक्त आपल्या पावलांचा आवाज. दुसऱ्या आठवड्याच्या बिल्डमध्ये (बीटाच्या नव्या आवृत्तीत) संगीत आलं तशी मी सगळं सोडून परत तिथे जाऊन उभी राहिले. तीच दरी, पण आता तिथे कोणीतरी राहून गेलंय असं वाटत होतं. आणि कथा! बीटात अजून खरे आवाज नाहीत, कॉम्प्युटरचा सपाट आवाज डायलॉग वाचतो, तरी एका निरोपाच्या सीनला माझा गळा दाटून आला. त्या सपाट आवाजातही पोचतंय म्हणजे लिहिणाऱ्यांनी काय जीव ओतलाय बघा.

आता हीलिंग. मी नऊ वर्षं हीलरच, म्हणजे बाकीच्यांचं हेल्थ भरून त्यांना जिवंत ठेवणारं पात्रच खेळतेय, दुसरं काही जमवून घ्यायची इच्छाही नाही. हीलर म्हणजे माझ्यासाठी हिशोब. माना (स्पेल, म्हणजे मंत्र टाकायला लागणारी शक्ती) किती उरलाय, फाइट किती बाकी आहे, आत्ता मोठा हील टाकू की छोट्यावर भागवू, टँकला (सगळ्यांच्या पुढे उभं राहून फटके खाणाऱ्याला) अजून दोन सेकंद तसंच ठेवलं तर चालेल का, हे सगळं डोक्यात चालू असतं आणि त्यातच मजा आहे. या बीटात तो हिशोबच गेलाय. पाच जणांनी मिळून लढायच्या डंजनमध्ये सगळ्यांचं हेल्थ एका फटक्यात वीस टक्क्यांवर येतं, मी एक बटण दाबते, सगळे परत फुल, चार सेकंदांनी परत तेच. पंचवीस मिनिटांच्या अख्ख्या रनमध्ये माझा माना सत्तर टक्क्यांच्या खाली गेला नाही. म्हणजे माना असून नसल्यासारखाच, नुसतं बोटांचं काम. मी सविस्तर फीडबॅक लिहिला, त्यावर टेस्टर मंडळींकडूनच उत्तर आलं की अगं आकडे फायनल नाहीत, ट्यूनिंग शेवटी होतं.

इथेच माझं म्हणणं आहे. ट्यूनिंग वेगळं आणि डिझाइन वेगळं. बॉसचा (मोठ्या शत्रूचा) फटका दहा टक्क्यांनी कमी करणं हे शेवटच्या आठवड्यातही होतं, लाँचनंतर दुसऱ्या दिवशीही होतं. पण हेल्थ बार वर-खाली उडत राहायचा ही मुळातली रचना असेल, सगळे बॉस, सगळे स्पेल त्यावर बेतलेले असतील, तर फटका कमी केल्याने फक्त हळू उडेल, उडायचा थांबणार नाही. ही गोष्ट आत्ता ऐकली गेली नाही तर पुढची दोन वर्षं आपण तेच खेळणार.

आणि हे आधी झालेलंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं शॅडोलँड्स हे एक्स्पान्शन आठवा. चार कव्हनंट (कथेतले गट), त्यातलं एक निवडायचं, त्याच्या पॉवर्स त्याच्याशी बांधलेल्या, सोडून परत जायचं तर वेळखाऊ अटी. बीटात टेस्टर सांगत होते की या गाठी सोडवा, लोक कथेसाठी निवडणार नाहीत, आकड्यांसाठी निवडतील आणि मग अडकतील. रिलीज २७ ऑक्टोबर २०२० वरून नोव्हेंबरवर ढकललं, पण ती रचना तशीच आली. बदलायची मोकळीक मिळाली ९.१.५ पॅचमध्ये (अपडेटमध्ये), नोव्हेंबर २०२१ ला. अख्खं एक वर्ष. तोपर्यंत कितीतरी लोक सोडून गेले होते, आमच्या ग्रुपमधलेसुद्धा.

टेस्टर म्हणजे फुकट लवकर खेळायला मिळालेले लोक असं ज्यांना वाटतं त्यांनी अल्टिमा ऑनलाइनचा बीटा वाचून बघावा. ऑगस्ट १९९७, गेमचा निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश या त्याच्या कॅरेक्टरच्या रूपात गेममध्ये आलेला, त्या कॅरेक्टरला मरणच नसायचं, पण सर्व्हर मध्ये बंद पडून परत चालू झाल्यावर ती सोय लावायची राहून गेली होती, आणि एका खेळाडूने आगीचा स्पेल टाकून त्याला सगळ्यांसमोर मारलं. किस्सा म्हणून सगळे हाच सांगतात. मला त्याच गेमची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी प्राण्यांची पूर्ण साखळी बनवली होती, कोण काय खातं, कुठे फिरतं असं, आणि खेळाडू आत आल्यावर दिसेल ते इतक्या वेगाने मारत सुटले की साखळी टिकलीच नाही, काढून टाकावी लागली. ऑफिसात बसून हे कसं कळणार? हजारो लोक आत सोडल्यावरच कळतं.

आमच्या रेड टेस्टमध्ये (मोठ्या गटाने बॉसशी लढायच्या चाचणीत) मला हेच बघायला मिळालं. ठरलेल्या वेळी एक बॉस उघडतो, वीस अनोळखी माणसं, गाइड नाही, अॅडऑन (खेळाडूंनी बनवलेली मदतीची जोड-सॉफ्टवेअर) चालत नाहीत, जो तो बॉसचे स्पेल वाचत मरतोय. चौदा वेळा वाइप झालो, म्हणजे सगळेच्या सगळे मेलो, आणि एकानेही आवाज चढवला नाही. अकराव्या वेळी कोणीतरी म्हणालं की जमिनीवरचं निळं वर्तुळ दिसतं त्यापेक्षा जास्त दूरवर लागतंय. मग पुढच्या प्रयत्नाला आम्ही सात-आठ जण वर्तुळाच्या कडेबाहेर रांगेत उभे राहिलो, एकेका पावलाच्या अंतरावर, आणि कोण मरतो ते बघितलं. पहिले दोघं मेले, मी तिसरी, वाचले. सगळ्यांनी तिथल्या तिथे रिपोर्ट टाकले आणि पुढच्या बिल्डमध्ये ते दुरुस्त होऊन आलं. काय आनंद झाला म्हणून सांगू. लाँचनंतर जे लोक त्या बॉसला जातील त्यांना कधी कळणारही नाही, पण ते वर्तुळ आता खरं आहे.

तर बग ऐकले जातात, मोजता येतात म्हणून. "इथे कंटाळा येतो", "इथे मला काही ठरवायचं उरत नाही" हे मोजता येत नाही म्हणून मागे पडतं. आणि बीटात येऊन फक्त लाँचच्या दिवशीचा लेव्हलिंगचा (भराभर वरच्या लेव्हलला जायचा) रूट पाठ करणारे, एकही रिपोर्ट न टाकता निघून जाणारे पण खूप आहेत, त्यांच्यावर माझा खरंच राग आहे. तुमच्या जागी कोणीतरी दुसरा बसला असता.

म्हणून मी यावेळी मोजूनच पाठवायचं ठरवलंय. प्रत्येक बॉसनंतर उरलेला माना, फुल हेल्थवरून मरेपर्यंत लागलेले सेकंद, आणि दर मिनिटाला असे किती क्षण आले जेव्हा दोन हीलपैकी कुठला टाकायचा हा खरा प्रश्न होता. शेवटचा आकडा माझ्या पहिल्या रनमध्ये शून्य आला. परवा नवा बिल्ड येतोय, त्यात हीलर खेळणारं कोणी असेल तर मेसेज करा, कुठलाही क्लास (पात्राचा प्रकार) चालेल. तेच डंजन, तेच तीन आकडे, सोबत व्हिडिओ. एकटीचा रिपोर्ट म्हणजे एकीचं मत, पण दहा जणांचा शून्य आला तर ते नीट बघतील.