नाळ थांबून कापण्याबद्दल : सिस्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सिस्टर,

बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता थोडं थांबावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी तिचा सारांश असा: तीस वर्षं लेबर रूममध्ये गेली, बाळ बाहेर आलं की क्लॅम्प लावून नाळ कापली, कुणाचं काही बिघडलं नाही. थांबलं तर बाळ गार पडतं (जानेवारीत पहाटे पंखा बंद करायचंही कुणाच्या लक्षात नसतं), आईचं रक्त जास्त जातं, काविळीची बाळं वाढतात. शिवाय माझा लेख वाचून नातेवाईक डॉक्टरांशी भांडणार.

काविळीचं तुमचं बरोबर आहे. ते लेखात यायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. 2013 साली 15 अभ्यासांचा, 3911 माय-लेकरांचा एकत्र आढावा निघाला. त्यात उशिरा नाळ कापलेल्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवायची वेळ जरा जास्त आली. फरक शंभरात दोनपेक्षा कमी. पण आपल्याकडे तिसऱ्या दिवशी बाळंतीण राधानगरीला माहेरी जाते, आणि खोलीत उजेड नको म्हणून खिडकीला पडदा लागतो. पिवळेपणा दिसणार कुणाला? चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ दाखवून न्यायचंच, हे सांगितल्याशिवाय घरी सोडू नये.

रक्तस्रावाचं मात्र पटलं नाही. त्याच आढाव्यात तो वाढलेला दिसला नाही. इंजेक्शन द्या, नाळ कापा, वार (पोटात बाळाला नाळेतून रक्त पुरवणारी गादी) काढा, हे तिन्ही आपल्याला एका दमात शिकवलं, म्हणून ते एकमेकांत अडकलेलं वाटतं. रक्त आटोक्यात ठेवतं ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, आणि ते नाळ जोडलेली असतानाही देता येतं. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते, ते हे इंजेक्शन धरूनच.

गारव्याचा धोका खराच. बाळ कोरडं पुसून आईच्या पोटावर ठेवायचं आणि वरून कोरडं कापड. पोटावर ठेवलं तर रक्त उलटं वारेकडे जाईल, अशी भीती मलाही होती. किती रक्त आलं ते कळावं म्हणून 2014 मध्ये अर्जेंटिनात पोटावर ठेवलेल्या आणि खाली धरलेल्या बाळांची वजनं करून पाहिली, फरक पडला नाही.

आता 'कुणाचं काही बिघडलं नाही' याबद्दल. सिस्टर, बिघडलेलं तुमच्यापर्यंत येत नाही, ते वर्षभराने माझ्या ओपीडीत येतं.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात साधारण 240 मिली रक्त असतं. नाळ तीन मिनिटं राहू दिली की वारेतून आणखी 80 ते 100 मिली येतं. त्यातलं लोह म्हणजे पहिल्या सहा महिन्यांची शिदोरी, कारण आईच्या दुधात लोह थोडंच. आणि सहा महिन्यांनंतर आपल्या कोल्हापुरात काय सुरू होतं? दूध! गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध पिऊन वाढलेले आजोबा नातवालाही तेच पाजणार. त्या दुधात लोह जवळजवळ नाहीच. मग तळवे पांढरे पडलेलं, किरकिरं, भिंतीचे पोपडे खाणारं पोर माझ्यासमोर बसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांत जवळजवळ 69 जणांना रक्त कमी होतं. सगळा दोष नाळेचा नाही, दुधाचाही आहे, पण मुळात शिदोरीच तोकडी.

स्वीडनमध्ये 400 बाळांवर अभ्यास झाला, 2011 मध्ये छापून आला. चौथ्या महिन्यात लगेच कापलेल्यांत 5.7 टक्के बाळांना लोहाची कमतरता, तीन मिनिटं थांबलेल्यांत 0.6 टक्के. हिमोग्लोबिन दोन्हीकडे सारखंच होतं, म्हणून वरवर कुणाला काही दिसलं नसतं.

घाई तुम्हाला आम्हीच लावली, हेही कबूल करतो. रेसिडेंट असताना वॉर्मरपाशी (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रापाशी) उभा राहून "सिस्टर, बाळ आणा लवकर" असं मी कितीदा ओरडलोय. माझ्या आजीची सुईण वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसे, आणि आम्ही तिला अडाणी म्हणायचो. (तिचा विळा मात्र नको.)

बाळ श्वासच घेत नसेल आणि पिशवीने श्वास द्यायचा असेल, किंवा आईचं रक्त धो-धो जात असेल, तर थांबायचं नाही, लगेच कापायची. हे लेखात होतं, पण खूप खाली, वर घेतो.

आणि भांडण कळा सुरू असताना कुणी करू नये. नवव्या महिन्याच्या तपासणीला विचारावं, फाइलवर लिहून घ्यावं.

काविळीचा परिच्छेद आज मूळ लेखात घातला. पंख्याची गोष्ट मला सुचली नसती; तुमची परवानगी असेल तर तीही घालतो.