तिसऱ्या बाकावरची रिकामी जागा

दुपारी कबरस्तानातून आले, हातपाय धुतले आणि सरळ लिहायला बसले. स्वयंपाक राहिला तर राहू दे.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींना आज मूठमाती दिली. तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसायच्या. आठ महिने ती जागा रिकामी होती. गुडघे गेले होते आणि दर रविवारी रिक्षा परवडत नव्हती, एवढंच कारण. आज शवपेटीभोवती उभे राहून आपण सगळे खणखणीत आवाजात स्तोत्र २३ म्हणत होतो, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ तेवढ्यात शेजारी उभी असलेली त्यांच्या चाळीतली बाई माझ्या कानाशी म्हणाली, ‘सिलिंडर लावून द्यायला मीच जायचे हो, त्यांना उचलत नव्हता.’ ती बाई आपल्या मंडळीतली नाही. पुढच्या ओळी माझ्या तोंडून निघाल्याच नाहीत.

त्यांना उणं पडलं. आपल्यामुळं पडलं.

मला आमचं पारनेरकडचं शेत आठवलं. लहानपणी दिवाळीनंतर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्या-घोड्यांसकट त्यांचा तांडा, कोकणाकडे जाताना आमच्या रानात मेंढ्या बसवायचा. रानाला खत मिळायचं, त्यांना आमच्याकडून धान्य. एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी एका मेंढीच्या खुरात काटा मोडला आणि पाय टम्म सुजला. पप्पा वाड्यातल्या मामांना म्हणाले, ‘घोड्यावर टाका अन् निघा.’ मामा म्हणाले, ‘घोड्यावर कोकरं हायेत. ही चालंल तवा निघू.’ चार दिवस अख्खा वाडा थांबला. एका मेंढीसाठी.

बायबलमध्ये उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात याकोब त्याच्या भावाला, एसावाला हेच सांगतो. तू पुढे हो, मी मुलांच्या आणि गुराढोरांच्या चालीनं येईन. एक दिवस जरी यांना दामटलं तरी कळप मरेल. यावर कधी प्रवचन ऐकलंय तुम्ही? मी नाही ऐकलं. आपल्याला आवडतं ते कॅलेंडरवरचं चित्र, पांढराशुभ्र झगा आणि खांद्यावर धुतलेलं कोकरू. त्या मामांच्या घोंगडीला लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. थंडीत ते त्या आजारी मेंढीला पाठ लावून झोपले होते. मी सकाळी दूध द्यायला गेले तेव्हा पाहिलंय.

रोममध्ये प्रिस्किल्लाच्या भूमिगत कबरस्तानात, तिसऱ्या शतकात, छतावर खांद्यावर जनावर घेतलेला मेंढपाळ रंगवलाय. क्रूसावरच्या ख्रिस्ताची चित्रं त्यानंतर फार उशिरा आली. आपलं माणूस मातीत ठेवताना त्या लोकांना डोक्यावर मेंढपाळच हवासा वाटला. मला ते आज कळलं, कारण मावशींच्या पेटीकडे बघताना मलाही तोच हवा होता. पण ज्यांनी जिवंतपणी खांदा द्यायचा, ते आपण आज फक्त पेटीला खांदा द्यायला आलो.

आता राग येतोय, लिहितेच. गेल्या आठ महिन्यांत मंडळीचा कारभार बघणाऱ्या आपल्या पंचांच्या किती बैठका झाल्या? नव्या साउंड सिस्टिमवर किती तास बोललो? यहेज्केलाचा ३४ वा अध्याय काढा आणि वाचा. दुबळ्यांना बळ दिलं नाही, हरवलेल्यांना शोधलं नाही, स्वतःच चरत बसलात, असं देव मेंढपाळांना म्हणतो. आपण आपल्या धर्मगुरूंना ‘पाळक’ म्हणतो. पाळणं म्हणजे काय ते जनावर पाळणाऱ्या कुणालाही विचारा, त्यात सुट्टी नसते.

बरं, पाळकसाहेब एकटे आणि घरं शेकडो, हे मान्य. धनगर शेवटी मेंढी विकतो, तिच्यात त्याचा पैसा असतो, हेही खरं. म्हणून काय? पैशासाठी चार दिवस थांबणारा माणूस आहे, आणि प्रेमासाठी अर्धा तास थांबणारे आपण नाही?

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्यातून उठून मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाची वाढ त्यातून झाली. त्या कुणी पाळक नव्हत्या. बोलावणं येण्याची वाटही त्यांनी पाहिली नाही.

मघाशी ‘पंच’ म्हणून बोट दाखवलं, पण मावशींचं घर माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. मी गेले नाही. ‘बऱ्या असतील’ असं म्हणून दर रविवारी त्या रिकाम्या जागेवर माझी पर्स ठेवत होते. हे टाईप करताना हात थरथरतोय.

‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ ही ओळ मावशींना पाठ होती. मामांची काठी मला आठवते. तळहाताच्या जागी ती झिजून गुळगुळीत झालेली होती. पाचव्या दिवशी वाडा निघाला तेव्हा ती मेंढी लंगडत सगळ्यांच्या पुढं होती आणि मामा तिच्या चालीनं चालत होते.

पुरुषांच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारे चष्म्याचे आजोबा दोन महिने दिसले नाहीत. आत्ता फोन करून करून त्यांचा पत्ता मिळवला. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. उद्या संध्याकाळी पाच वाजता मी निघतेय, डबा घेऊन. कुणाला यायचं असेल तर चर्चच्या फाटकापाशी थांबा.