‘आकडे फिरवणाऱ्या’चं उत्तर

‘जागरूक नागरिक’ यांस,

‘जनगणनेत धर्म सरळ विचारतात, त्यात मुस्लिम कोण याची व्याख्या कसली? घरबसल्या विद्वानांनी आकडे फिरवणं बंद करावं,’ असं तुम्ही मुस्लिम लोकसंख्येच्या आकड्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. पहिली शंका आहे, दुसरा आरोप. शंका एकटीही चालली असती. लेखातल्या तक्त्यातली अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात ही तक्रार मात्र रास्त, मोठी करतो.

आता ‘सरळ विचारतात’बद्दल. २०११च्या जनगणनेत धर्माचा रकाना घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा होता. मुस्लिम असेल तर संकेतांक २. सांगणारा सांगेल तेच लिहायचं, कुटुंबप्रमुखाचा धर्म सगळ्यांना लावायचा नाही, अशी प्रगणकाला (घरोघरी नोंद करणाऱ्याला) सूचना. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात (सरकारच्या निवडक घरांच्या पाहणीत) नेमकं उलट: घरात दोन धर्म असले तरी प्रमुखाचा तोच कुटुंबाचा. म्हणजे मुस्लिम घरात राहणारी हिंदू सून जनगणनेत हिंदू, सर्वेक्षणात मुस्लिम. अशी घरं थोडी, एकूण टक्केवारी त्याने फारशी हलत नाही. पण दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वजाबाकी करण्याआधी (तुम्ही तेच केलंत) हे पाहायचं असतं.

मोठा घोळ होतो तो पायाचा, म्हणजे वाढ कुठल्या आकड्यावरून मोजली त्याचा. १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नाही, २००१ साली झाली. सप्टेंबर २००४मध्ये धर्मनिहाय आकडे आले तेव्हा मुस्लिमांची दशकातली वाढ ३६ टक्के छापली गेली, कारण एक मुस्लिमबहुल राज्य नंतरच्या बेरजेत होतं, आधीच्या नव्हतं. ते राज्य आणि (आधीच्या दशकाशी तुलना जुळावी म्हणून) १९८१ साली जनगणना न झालेला आसाम, दोन्ही बाजूंच्या बेरजांतून वगळल्यावर वाढ २९.३ टक्के निघाली. वेग चढल्याची ओरड झाली होती, प्रत्यक्षात तो आधीच्या दशकापेक्षा उतरला होता. तुम्ही मला ऐकवलेला ‘खरा आकडा’ तोच, ३६चा.

आणि ‘मुस्लिमांत अनुसूचित जाती शून्य, म्हणजे जातच नाही’ हे तुमचं अनुमान! राष्ट्रपतींच्या १९५०च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ती नोंद, काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंची होई. १९५६मध्ये सगळे शीख, १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. मुस्लिमाने जात सांगितली तरी त्या रकान्यात ती नोंदली जात नाही. शून्य नियमातून आलंय.

फाळणी, शेजारी देश वगैरे मुद्द्यांना उत्तर देत नाही. लेख त्यावर नव्हता. ‘घरबसल्या’ हे विशेषण साभार परत. असली प्रपत्रं तपासण्यातच माझे केस पिकलेत. पुढच्या वेळी तक्त्याखालची तळटीप वाचून लिहा, मग भांडू.