धक्का बसला म्हणजे पैसे फिटले

व्यावसायिक कुस्तीचे तिकीट हाती पडले की बहुतेक प्रेक्षक एक मूलभूत चूक करतात: जाहिरातीत काय छापले आहे ते वाचतात. अमुक मल्ल आणि तमुक मल्ल यांच्यात किताबाची लढत होणार, असे तेथे लिहिलेले असते आणि त्यावरून भोळा प्रेक्षक असा समज करून घेतो की ते दोघे लढतील, लढत संपेल आणि संपताना कोणीतरी एक जिंकलेला असेल. आपण असे काही मनात आणू नये. खाणावळीच्या दारातल्या फळ्यावर ‘आज पुरणपोळी’ वाचून आत शिरलेल्या गिऱ्हाइकाच्या पानात कारल्याची भाजी पडली आणि गल्ल्यावरच्या मालकाने हसत हसत ‘काय, चकित झालात ना?’ असे विचारले, तर सामान्य माणूस भांडेल. अमेरिकन कुस्तीच्या जाणत्या चाहत्याने मात्र आणखी एक पान वाढायला सांगावे, कारण कारल्याची अपेक्षा खरोखरच कोणी केली नव्हती.

हे समाधान अंगी बाणवण्यासाठी थोडा अभ्यास लागतो. प्रथम हे ध्यानात घ्यावे की या धंद्यात कोण जिंकणार आणि कसे, हे ठरवणारा एक माणूस असतो आणि त्याला बुकर म्हणतात. क्रिकेटचा सामना पावसाने वाहून गेला तर आपण आभाळाकडे पाहून घरी जातो. येथे पाऊसही बुकरच पाडतो. पण शेवट फसल्यावर बुकरचे बोट धरायला जाल तर ‘अहो, कुस्तीत काहीही होऊ शकते’ असे उत्तर मिळेल. व्हिन्स मॅकमॅहन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीने १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटला आपण होऊन कळवले होते की आमचा हा प्रकार म्हणजे खरी स्पर्धा नसून करमणूक आहे, आणि त्यामागचा हेतू उदात्त होता: क्रीडा आयोगाची देखरेख नको आणि कर नको. तेव्हा कराचा विषय निघाला की हे नाटक असते आणि नाटकाचा तिसरा अंक कोसळला की त्याचा खेळ होतो. ही सोय कंपनीसाठी आहे. आपण ती वापरून पाहू नये.

ज्यांची नजर कोल्हापूरच्या खासबाग मैदानात तयार झाली आहे, त्यांना हा अभ्यास अंमळ जड जाईल. तेथे कुस्ती निकाली झाली पाहिजे असा लोकांचा हट्ट असतो. पंचांनी ती बरोबरीत सोडवली तर मैदान कुरकुरते, आणि कडेला बसलेल्या जुन्या वस्तादांच्या तोंडचे शब्द छापण्यासारखे नसतात. ‘चितपट’ हा शब्द उच्चारल्यावर त्याला पुरवणी जोडावी लागत नाही. असली सवय असेल तर ती चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी.

पहिला धडा डस्टी ऱ्होड्स यांच्याकडून घ्यावा. देह स्थूल, बोलणे किंचित बोबडे, स्वतःला प्लंबरचा पोरगा म्हणवून घेणारे डस्टी हे कष्टकरी प्रेक्षकाच्या गळ्यातले ताईत होते, आणि सोयीचा भाग असा की अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या क्रॉकेट यांच्या कंपनीत नायकही तेच आणि बुकरही तेच. त्यांनी रुळवलेल्या शेवटाला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. मूळचा पंच धक्का लागून आडवा होतो; दुसरा पंच धावत येतो; नायक प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून धरतो; एक, दोन, तीन. सभागृह छताला जाऊन लागते. अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारतात. मग पहिला पंच डोके चोळत उठतो आणि या जल्लोषात कोठेतरी असे जाहीर होते की मधल्या एका नियमभंगामुळे तो विजय धरता येणार नाही. १९८५ च्या स्टारकेड या कंपनीच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात तेव्हाचे विजेते रिक फ्लेअर यांच्याविरुद्ध डस्टींचा किताब असाच दिला आणि काढून घेतला गेला. पहिल्या वेळी ही युक्ती झकास चालते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण अन्याय झाला आहे असे वाटणारा माणूस न्याय पाहण्यासाठी पुन्हा तिकीट काढतो. दुसऱ्या वेळीही काढतो. १९८७ मध्ये शिकागोला, म्हणजे ज्या जोडीला कंपनीनेच ‘शिकागोची पोरे’ म्हणून वाढवले होते त्या रोड वॉरियर्सच्या घरच्या लोकांसमोर, हाच प्रयोग झाला: किताबाचे पट्टे हाती आले आणि गेले. पुढच्याच वर्षी ती कंपनी टीव्ही वाहिन्यांचे मालक टेड टर्नर यांना विकावी लागली. विक्रीला इतरही पुष्कळ कारणे होती, त्यामुळे आपण निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. निष्कर्ष काढणारा प्रेक्षक समाधानी राहत नाही.

या विकल्या गेलेल्या कंपनीने, म्हणजे आता टर्नर यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने, मात्र जुन्या घराण्याची गायकी इमानाने पुढे चालवली. १९९६ च्या शरद ऋतूपासून स्टिंग नावाचा त्यांचा लाडका मल्ल लढणेच सोडून, चेहरा काळापांढरा रंगवून, सभागृहाच्या छताच्या तुळयांवरून खाली टक लावून बघत असे. वर्षाहून अधिक काळ लोक एकाच संध्याकाळची वाट पाहत होते: हा खाली येईल आणि खलनायक बनलेल्या हल्क होगनला लोळवील. ती संध्याकाळ २८ डिसेंबर १९९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये उगवली. लोकांना हवे होते ते इतके सोपे होते की बुकरांना त्याची लाज वाटली असावी. होगनने स्टिंगला दाबले, पंच भरभर मोजून लबाडी करणार, मग ब्रेट हार्ट येऊन ती लबाडी उघडकीस आणणार आणि लढत पुन्हा सुरू होऊन स्टिंग जिंकणार, असा तो घाट होता. पंचाने मोजले ते नेहमीच्या संथ, कायदेशीर गतीने. म्हणजे वर्षभर छतावर बसलेला नायक सर्वांदेखत रीतसर हरला आणि मग ‘अन्याय झाला’ अशी ओरड करून त्याला जिंकवण्यात आले. जानेवारीत तो किताबही काढून घेऊन रिकामा ठेवला गेला. ब्रेट हार्ट यांना मध्ये आणण्याचे कारण असे की दीडेक महिन्यापूर्वी, ९ नोव्हेंबरला, माँट्रियलमध्ये मॅकमॅहन यांनी, तेव्हा त्यांच्याच कंपनीचे विजेते असलेल्या हार्ट यांच्यावर खराखुरा धक्का उतरवला होता. हार्ट शरण आलेले नसताना घंटा वाजवायला लावली आणि किताब शॉन मायकेल्स यांच्याकडे गेला. तेथे शेवट खुद्द मल्लालाच ठाऊक नव्हता. हार्ट भर रिंगमधून मालकाच्या तोंडावर थुंकले, हे समाधानाचे लक्षण मानावे की कसे, याविषयी जाणकारांत मतभेद असू शकतात.

आता अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा धडा. ४ जानेवारी १९९९, अटलांटाचे जॉर्जिया डोम. तेथले गर्दीचे दैवत गोल्डबर्ग. तो त्याच शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघातून खेळलेला, आणि त्याचे सलग १७३ विजय झाल्याचे कंपनीच सांगत असे. आठवडाभरापूर्वी केव्हिन नॅशने विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या मदतीने ती मालिका मोडून किताब घेतला होता आणि आज त्याची परतफेड व्हायची होती. कथानकाच्या ओघात गोल्डबर्गला पोलिसांनी नेले. त्याच्या जागी होगन उभा राहिला. घंटा झाली. दोघांनी एकमेकांभोवती फेरी घातली, होगनने ठोसा मारण्याचा आव आणला, मग हात आवरता घेतला आणि तर्जनी पुढे करून नॅशच्या छातीला लावली. दारावरची घंटा दाबावी तितक्या जोराने. सुमारे सात फुटांचा नॅश हातपाय फेकून उताणा पडला, होगन वर पसरला, तीन मोजून झाले, आणि नवा विजेता व जुना विजेता गळ्यात गळे घालून नाचू लागले. त्या रात्री तिकीट काढून बसलेल्या माणसाने ही तर्जनी पुन्हापुन्हा आठवावी. इतका अनपेक्षित शेवट त्याला जन्मात पुन्हा मिळणार नव्हता.

याच रात्रीच्या एका तपशिलाकडे मात्र दुर्लक्ष करावे अशी माझी कळकळीची सूचना आहे. प्रतिस्पर्धी वाहिनीवरचा मॅकमॅहन यांचा कार्यक्रम आधी चित्रित झालेला होता आणि त्यात मिक फोली किताब जिंकतो, हे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निवेदकाने वरिष्ठांच्या सांगण्यावरून, कुत्सित शेरा मारून, थेट प्रक्षेपणात सांगून टाकले. उद्देश असा की शेवट कळला म्हणजे तिकडे कोण जाईल? लाखो प्रेक्षक गेले. ज्याचा शेवट त्यांना नुकताच सांगण्यात आला होता तो सामना बघायला, ज्याचा शेवट कोणालाही सुचला नसता तो सामना टाकून, माणसे वाहिनी बदलून गेली. अंगावर पडत, दात गमावत वर्षानुवर्षे घासलेला एक बेढब माणूस अखेर जिंकतो आहे, एवढे डोळ्यांनी पाहायचे होते त्यांना. प्रेक्षकाची अभिरुची किती मागासलेली असू शकते याचे हे उदाहरण आहे. डब्ल्यूसीडब्ल्यू २००१ च्या मार्चमध्ये मॅकमॅहन यांनी विकत घेतली.

माझे स्वतःचे शिक्षणही सहजासहजी झालेले नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते दप्तरात लपवून नेणाऱ्या पिढीतला मी, आणि अंडरटेकर नावाच्या मल्लाला सात जीव आहेत हे आमच्या वर्गात भूगोलाइतकेच पक्के ठाऊक होते. एप्रिल २०१४ मधल्या त्या सोमवारी, न्यू ऑर्लीन्सला रविवारची रात्र असताना, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसलो होतो. रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात २१ वेळा जिंकलेला, एकदाही न हरलेला अंडरटेकर ब्रॉक लेस्नरच्या खाली पडला आणि उठला नाही. पंचाचा हात तिसऱ्यांदा आपटल्यावर काही क्षण संगीतही वाजले नाही. मग पडद्यावर ‘२१-१’ असे आकडे आले आणि कॅमेरा तोंड उघडे, डोळे बटाट्याएवढे झालेल्या एकेका प्रेक्षकावरून फिरू लागला. कंपनीच्या आकड्यानुसार त्या रात्री ७५,१६७ माणसे हजर होती. आमच्याकडे आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्या तोंडाकडे पाहून घाबऱ्या आवाजात म्हणाली, “कोण गेलं रे?” मी नाव सांगितले. तिने चहा पुढे ठेवला आणि पंखा बंद करून परत गेली.

त्या धक्क्याने समाधान झाले का, असे मला आजही कोणी विचारले तर उत्तर देता येत नाही. विसर पडलेला नाही, एवढे खरे, पण दाढ काढल्याचाही पडत नाही. गोंधळात भर अशी की त्याच कार्यक्रमाच्या शेवटी डॅनियल ब्रायन जिंकला. हा शेवट शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. जानेवारीत पिट्सबर्गला रॉयल रंबल या तीस मल्लांच्या सामन्यात त्याला उतरवलेच नाही म्हणून प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतले होते आणि त्यानंतर कंपनीला आपला बेत बदलावा लागला होता. दोन्ही तर्जन्या आभाळाकडे उंचावत हजारो माणसे ‘येस, येस’ ओरडत होती, आणि त्यात अनपेक्षित असे तसूभरही नव्हते. एका रात्रीत दोन शेवट पाहून प्रेक्षकाने भलतीच तुलना करू नये, म्हणून असे प्रसंग कंपन्या सहसा टाळतात.

हितशत्रू आणखी एकदोन दाखले देतील. त्यांची उत्तरे तयार ठेवावीत. १९७१ च्या १८ जानेवारीला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयव्हन कोलॉफने ब्रुनो सामार्तिनो यांना हरवले. १९६३ पासून किताब त्यांच्याकडे होता. सभागृह असे गप्प झाले की आपल्या कानाला इजा झाली असावी असे सामार्तिनो यांना वाटले, हे ते स्वतः सांगत. धक्का तर खराच. पण २१ दिवसांनी, त्याच सभागृहात, पेद्रो मोरालेसने कोलॉफला पाडून प्रेक्षकांची उधारी चुकती केली. आणि ७ जुलै १९९६ रोजी डेटोना बीचला तोवर लोकांचा लाडका असलेला होगन दोन खलनायकांना जाऊन मिळाला, लोकांनी रिंगमध्ये पेले, बाटल्या, कागदाचे बोळे यांचा खच पाडला, तरी त्यानंतरची दीड-दोन वर्षे डब्ल्यूसीडब्ल्यूची भरभराट झाली. पण तेथे ‘तिसरा माणूस कोण?’ हाच प्रश्न आठवडेच्या आठवडे विकला जात होता. फळ्यावर ‘आज काय ते ओळखा’ असे लिहिले आणि नंतर पान वाढले, यात कसले आले धाडस?

खऱ्या धाडसाचा नमुना ६ ऑक्टोबर २०१९ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोचा. सामना ‘हेल इन अ सेल’ प्रकारचा. म्हणजे छतासकट लोखंडी पिंजरा, आणि पिंजऱ्याचा उद्देशच असा की आत काहीही केले तरी कोणी बाद होत नाही, निकाल लागल्याशिवाय सुटका नाही. एका बाजूला विजेता सेथ रॉलिन्स, दुसऱ्या बाजूला ब्रे वायट यांनी भेसूर मुखवटा चढवून उभा केलेला ‘द फीन्ड’, जो त्या वेळी लोकांना कमालीचा आवडला होता. सबंध सामनाभर लाल दिवे. अखेरीस रॉलिन्सने त्याच्या अंगावर खुर्ची, शिडी, हत्यारांची पेटी असा संसार रचून वर घण घातला, आणि पंचाने सामना थांबवला. जेथे सामना थांबवता येत नाही तेथे तो अतिरेकी मारहाणीच्या कारणावरून थांबवला. किताब जागच्या जागी राहिला. प्रेक्षकांनी आधी ‘सामना पुन्हा सुरू करा’ म्हणून पाहिले, मग चार दिवसांपूर्वीच ज्यांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला होता त्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावाचा घोष केला, आणि शेवटी हजारो कंठांतून एकच शब्द निघू लागला: “रिफंड! रिफंड!”

असे ओरडणे अशोभनीय तर आहेच, शिवाय उतावळेपणाचेही आहे. बरोबर २५ दिवसांनी फीन्डने रॉलिन्सला हरवून किताब जिंकला, आणि या खेपेला कंपनीने जाहीरच केले होते की कोणत्याही कारणास्तव सामना थांबवला जाणार नाही. सॅक्रमेंटोच्या प्रेक्षकाने ज्या शेवटाचे पैसे भरले होते, तो त्याला बिनतक्रार बघायला मिळाला असता. फक्त जवळ पासपोर्ट आणि सौदी अरेबियाचा व्हिसा हवा होता, कारण सामना रियाधला होता.